चूक किती, ते आधी सांगा!

जमीन मोजायला शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती आज उपग्रहांचे संदेश टिपणारी यंत्रे आली आहेत. तरीही या विद्येचा पहिला धडा बदललेला नाही. दुसऱ्याचा बांध मोजण्याआधी स्वतःची चूक मोजायची, हा तो धडा!

सकाळचे सात वाजलेले. गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भरावावर वीस-बावीस मुले-मुली पांगलेली. कुणी चार मीटर उंचीचा स्टाफ सरळ धरून उभा आहे, कुणी लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावलेला आहे, तर कुणी दगडावर बसून वहीत आकडे टिपते आहे. शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा थबकतात आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न विचारतात, “काय रं पोरांनो, रस्ता व्हनार का हितनं?”

मुले हसून नाही म्हणतात. रस्ता होणार नसतो, कालवाही होणार नसतो. हे असते सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे सर्व्हे शिबिर. पुस्तकात वाचलेली भूमापनाची विद्या उन्हातान्हात, काट्याकुट्यांत आणि प्रसंगी गावकऱ्यांच्या कुतूहलाला उत्तरे देत वापरून पाहायची, यासाठी देशभरातल्या तंत्रशिक्षण संस्थांत अशी शिबिरे भरत आली आहेत.

सकाळी कामाला सुरुवात झाली, ती मारुतीच्या देवळाच्या जोत्यावर रंगाने केलेल्या खुणेपासून. तिची उंची 100 मीटर मानली. तिथून टप्प्याटप्प्याने चढउतार मोजत तलावाला वळसा घालायचा आणि चार किलोमीटरची फेरी पुरी करून पुन्हा त्याच खुणेवर यायचे. दुपारी फेरी पुरी होते. हिशेब मांडला जातो आणि मुलांचे चेहरे उतरतात. वही सांगते, मारुतीचे जोते आता 100 मीटर आणि 83 मिलिमीटर उंचीवर आहे!

मारुतीचे जोते काही सकाळपासून चार बोटे वर सरकलेले नसते. चूक मोजणाऱ्यांची असते. सर मात्र रागावत नाहीत. ते एवढेच विचारतात, “चूक किती आली? आणि किती चालते?”

या दोन प्रश्नांभोवतीच भूमापनाचे सारे शिक्षण फिरते.

आठ मुलांची शाळा

भारतात या विद्येचे रीतसर शिक्षण सुरू झाले, ते आजच्या चेन्नईत. 17 मे 1794 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात एक सर्व्हे शाळा उघडली. विद्यार्थी होते अवघे आठ. त्यामागे मायकेल टॉपिंग या सर्वेक्षकाची खटपट होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात मुलूख येत होता. पण त्याचे नकाशे करायला, पाण्याचे तलाव-कालवे मोजायला माणसे नव्हती. दरवेळी विलायतेहून माणूस आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा इथल्याच मुलांना शिकवावे, असा हा व्यवहारी विचार होता.

त्या आठ मुलांच्या शाळेचा पुढे वटवृक्ष झाला. आज अण्णा विद्यापीठात असलेले गिंडीचे इंजिनिअरिंग कॉलेज ते हेच. रुरकीचे इंजिनिअरिंग कॉलेज 1847 मधले, पुण्यातला इंजिनिअरिंगचा वर्ग 1854 मधला. म्हणजे आपल्या देशात इंजिनिअरिंगच्या शिक्षणाची सुरुवात पूल बांधण्यापासून किंवा यंत्रे चालवण्यापासून झाली नाही. ती जमीन मोजण्यापासून झाली!

साखळीसुद्धा खोटे बोलते

पहिल्या काही तासिकांत विद्यार्थ्याच्या हातात येतात त्या अगदी साध्या वस्तू. साखळी किंवा पोलादी टेप, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या, ओळंबा आणि खुंट्या. नव्या मुलांना वाटते, यात शिकायचे ते काय? टेप ताणायची नि आकडा वाचायचा.

पण तिथेच पहिला धक्का बसतो. पोलाद उन्हाने प्रसरण पावते. 30 मीटरची पोलादी टेप सकाळपेक्षा दुपारी 20 अंशांनी तापली, तर ती सुमारे सात मिलिमीटरने लांब होते. टेप सैल धरली तर मध्ये झोळ पडतो. उतारावर जमिनीलगत धरली तर अंतर जास्त भरते, कारण नकाशात घ्यायचे असते ते आडवे अंतर. ओळीतून जरासे बाजूला सरकले तरी अंतर फुगते.

आता कुणी म्हणेल, सात मिलिमीटरने काय बिघडते? तर एक साधे गणित पाहू. समजा, वापरून वापरून ताणलेली 30 मीटरची साखळी प्रत्यक्षात 5 सेंटिमीटरने लांब झाली आहे आणि ते कुणी तपासलेले नाही. अशा साखळीने कागदावर बरोबर एक हेक्टर भरलेले शेत मुळात त्याहून सुमारे 33 चौरस मीटर मोठे असते. म्हणजे जवळजवळ गुंठ्याचा तिसरा हिस्सा! गावठाणालगतच्या जमिनीत तेवढ्या जागेवर दोन खोल्या उभ्या राहतात आणि तेवढ्याच जागेपायी दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

गुंठा हा शब्दही साखळीशीच बांधलेला आहे. जुन्या मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी 33 फुटांची असे आणि तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे 1,089 चौरस फूट, तोच एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. आजीच्या तोंडी असणारे गुंठे-आण्यांचे हिशेब हे असे मोजणीदाराच्या साखळीतून घरात आले.

म्हणून वर्गात शिकवतात, कामाला निघण्यापूर्वी साखळी प्रमाणित मापाशी ताडून पाहा. परतल्यावर पुन्हा ताडून पाहा. आणि दुसरे सूत्र, मोठ्याकडून लहानाकडे जा. आधी संपूर्ण क्षेत्राला कवेत घेणारे मोजके बिंदू अतिशय काळजीने पक्के करायचे. मग त्यांच्या आत बारीकसारीक तपशील भरायचा. तसे केले, तर लहान चूक लहानच राहते. उलट कोपऱ्यातून सुरुवात करून तुकड्याला तुकडा जोडत गेले, तर चूकही सोबत वाढत जाते. सुरुवातीला तिरका पडलेला टाका शेवटी सगळी शिवण बिघडवतो, तसेच हे!

वहीत खोडरबर नाही

प्रत्येक विद्येची काही पथ्ये असतात. भूमापनातले सगळ्यात कडक पथ्य फील्ड बुकाचे. जागेवर वाचलेला आकडा जागेवरच लिहायचा. कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून नंतर सुवाच्य अक्षरात उतरवायचा नाही. चुकला तर खोडायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारून वर नवा आकडा लिहायचा. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

नीटनेटकेपणाचे धडे गिरवून आलेल्या मुलांना हे जड जाते. पण त्यामागे कारण आहे. उद्या याच वहीवरून कुणीतरी नकाशा काढणार असते, परवा कुणीतरी भांडण सोडवणार असते. त्याला मोजणीच्या वेळी काय दिसले तेही कळले पाहिजे आणि मोजणाऱ्याला केव्हा शंका आली तेही. घामाचे डाग पडलेली आणि चार रेघोट्या असलेली वही खरी वाटते. कोरी करकरीत वही पाहिली की अनुभवी शिक्षकाच्या भुवया उंचावतात. “ही रात्री खोलीवर बसून लिहिली ना?” असा प्रश्न ठरलेलाच.

ती एक रात्र

शिबिरात एक रात्र हटकून येते. दिवसभराचे काम जमलेले नसते आणि सकाळी वही सादर करायची असते.

पाझर तलावाभोवती फिरलेल्या त्या गटाचेच पाहू. सामान्य कामासाठी पाठ्यपुस्तकांत एक मर्यादा दिलेली असते. फेरी जितक्या किलोमीटरची, त्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला 24 ने गुणायचे. येतील तेवढे मिलिमीटर चूक चालते. चार किलोमीटरचे वर्गमूळ दोन, म्हणजे 48 मिलिमीटर माफ. मुलांची चूक आहे 83.

पंचाईत अशी, की हिशेब तर बरोबर आहे. मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्या वाचनांची बेरीज, आणि शेवटची उंची वजा पहिली उंची, ही दोन्ही उत्तरे सारखी यावी लागतात. ती तशी आली आहेत. पण या पडताळ्यातून फक्त बेरीज-वजाबाकीची चूक सापडते. मुळात वाचनच चुकले असेल, तर ते सारे हिशेब निमूटपणे पुढे वाहून नेतात. ती चूक पकडायला फेरी पुरी करून मूळ खुणेवर परत येण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा वेळी कुणीतरी हळूच सुचवते, “चार ठिकाणी दहा-दहा मिलिमीटर कमी करू. जमून जाईल. कुणाला कळतंय?”

खरेच, कुणाला कळणार? तलाव तर जुनाच आहे आणि कामही सरावाचे. गुण मात्र खरे आहेत.

पण ही सवय इथेच लागते, म्हणूनच जपायचे ते इथे. समजा, हीच मुले चार वर्षांनी कालव्याच्या कामावर गेली. कालव्याचा उतार फार थोडा असतो. 5,000 मीटरला एक मीटर असा उतार ठेवला, तर एका किलोमीटरला पाणी उतरते ते फक्त 20 सेंटिमीटर. तिथे आठ सेंटिमीटरची चूक दडपली, तर एका किलोमीटरच्या उतारातला जवळजवळ चाळीस टक्के भाग त्या चुकीतच गेला. कागदावर पाणी वाहते. प्रत्यक्षात ते वरच्या भागात तुंबते नि टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. तो बिचारा वरच्या शेतकऱ्याला दोष देतो, पाटकऱ्याशी भांडतो. कुठल्याशा वहीत, कुठल्याशा रात्री कुणी आकडे जमवून टाकले होते, हे त्याला कधीच कळत नाही.

इंदापूरने शिकवलेला धडा

मोजणी चुकली की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला आहे. पेशवाई संपल्यावर 1820 च्या दशकात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी व प्रतवारी करून शेतसारा ठरवला. कागदावरची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध होती. पण प्रत्यक्ष मोजणीत दोष राहिले, प्रतवारी करणाऱ्यांत लाचखोरी माजली आणि सारा शेतकऱ्यांना झेपेना इतका ठरला. परिणामी, जमिनी पडीक पडल्या. अनेक कुटुंबांनी गावे सोडली.

अखेर 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने काम हाती घेतले. मोजण्या तपासल्या, सारा कमी केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम ठेवला. त्यातूनच पुढे मुंबई इलाख्याची भूमापन पद्धत घडली. आज सात-बाराच्या उताऱ्यावर दिसणाऱ्या सर्व्हे नंबरांची मुळे तिथवर पोहोचतात. शेताचा नकाशा हा केवळ रेघांचा कागद नाही. त्यावर घरातली चूल पेटणार की विझणार, हे ठरत होते.

हिंगणघाटचा पाहुणा

चूक मान्य करणे वेगळे आणि ती शोधायला मुद्दाम जाळे लावणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचा आदर्श म्हणून विल्यम लॅम्बटनचे नाव आजही घेतले जाते. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माऊंटपाशी त्याने एक सरळ रेषा मोजायला घेतली. लांबी सुमारे साडेसात मैल. दिवस लागले 57! पोलादी साखळी लाकडी पेट्यांत आधारावर ठेवलेली, तिला ऊन लागू नये म्हणून वर आडोसा आणि जागोजागी उष्णतामापक. शंभर फूट मोजायचे, तापमान नोंदायचे, मग पुढे सरकायचे.

या एका रेषेवर त्रिकोण, त्या त्रिकोणावर दुसरा त्रिकोण, असे जाळे विणत तो निघाला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण लॅम्बटन तेवढ्यावर थांबला नाही. सुमारे तीनशे किलोमीटर दूर, बंगलोरजवळ 1804 मध्ये दुसरी रेषा प्रत्यक्ष साखळीने मोजून घेण्यात आली आणि ती त्रिकोणांवरून काढलेल्या उत्तराशी ताडून पाहिली. फरक निघाला तो अवघ्या काही इंचांचा. त्यालाही मारुतीच्या जोत्यावर परत यावेसे वाटले होते, असेच म्हणायचे!

हे काम करता करताच हा माणूस म्हातारा झाला आणि 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्याने देह ठेवला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने हे काम पुढे नेले. 1831 मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला राधानाथ सिकदार हा अठरा वर्षांचा तरुण दरमहा तीस रुपये पगारावर गणिते करण्यासाठी या खात्यात दाखल झाला. पुढे दूरदूरच्या ठिकाणांहून घेतलेल्या वाचनांवरून हिमालयातले पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे त्याच्या गणिताने दाखवून दिले. 1856 मध्ये जाहीर झालेली उंची होती 29,002 फूट. डिसेंबर 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केली 8,848.86 मीटर. दोन्हींतला फरक सुमारे नऊ मीटर. ज्या शिखराजवळ जाताही येत नव्हते, त्याच्या बाबतीत ही अचूकता! तीही आकड्यांतल्या एकेका चुकीचा पाठलाग करून मिळवलेली.

आणि यंत्रे नेता येत नव्हती, तिथे माणूसच यंत्र झाला. कुमाऊँमधल्या मिलम गावचे शिक्षक नैनसिंह रावत यांना डेहराडूनला दोन वर्षे शिकवण्यात आले. चढ असो वा उतार, पाऊल ठरावीक लांबीचेच पडले पाहिजे, हा त्यातला मुख्य धडा. हातातल्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. यात्रेकरूच्या वेषात ते ल्हासापर्यंत जाऊन आले आणि 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. प्रशिक्षण म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

यंत्र हुशार, मग माणूस कशाला?

आज चित्र पुष्कळ पालटले आहे. टोटल स्टेशन हे यंत्र प्रकाशकिरणाने अंतर मोजते, कोनही मोजते आणि दोन्ही आपल्या पोटात साठवून ठेवते. उपग्रहांचे संदेश टिपणारे यंत्र योग्य पद्धतीने वापरले, तर काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगते. ड्रोन तासाभरात अख्ख्या गावठाणाची छायाचित्रे काढतो. मग साखळी, ओळंबा आणि वर्गमुळे शिकायची कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. पालकही विचारतात.

याचे उत्तर दोन उदाहरणांत आहे.

पहिले उंचीचे. उपग्रहावर चालणारे यंत्र उंची सांगते, ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासूनची. समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या देशात या दोहोंत मोठी तफावत आहे. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर असे यंत्र ठेवले आणि दुरुस्ती केली नाही, तर ते शून्याच्या साठ मीटरहून खालचा आकडा दाखवते. यंत्र बिघडलेले नसते. त्याला विचारलेला प्रश्नच चुकलेला असतो. हे ज्याला शिकवलेले नाही, तो तो आकडा तसाच नकाशावर चढवून मोकळा होईल. पाणी मात्र यंत्राच्या आकड्याकडे पाहून वाहत नाही.

दुसरे उदाहरण ड्रोनचे. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. गावठाणातली घरे मोजून मालकांना मिळकतीचा कागद द्यावा, हा तिचा हेतू. ड्रोनची मोजणी सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहे. पण ड्रोन उडण्यापूर्वी गावात एक काम करावे लागते. घरमालक, शेजारी आणि पंचायतीची माणसे यांच्यासमक्ष मिळकतींच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा आखायच्या. कारण ड्रोनला भिंत दिसते, कौले दिसतात, गोठाही दिसतो. पण अंगणातली कुठली जागा थोरल्याची आणि कुठली धाकट्याची, हे आकाशातून दिसत नाही. ते माणसांनी जमिनीवर उभे राहून, एकमेकांदेखत ठरवायचे असते. नकाशा झाल्यावरही तो गावात आणून ताडून पाहावा लागतो.

जुन्या साखळीची चूक निदान डोळ्यांना दिसे, कडी वाकलेली कळे. नव्या यंत्राच्या पडद्यावर मात्र चुकीचा आकडासुद्धा तितक्याच ठळकपणे, मिलिमीटरपर्यंत झळकतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला शिकलेला माणूसच लागतो.

शिकायचे कुठे?

या क्षेत्रात शिरायचे दरवाजे एकाहून अधिक आहेत. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये सर्व्हेअर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनातली सिव्हिलची पदविका तीन वर्षांची आणि बारावीनंतरची पदवी चार वर्षांची. दोन्हींत भूमापन हा पायाभूत विषय असतो. कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तर नवा तलाव, जुन्या तलावाची दुरुस्ती, गावाचा पाणीपुरवठा आणि रस्ता अशा प्रत्यक्ष प्रकल्पांचे शिबिर अनेक वर्षे राहिले आहे.

पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी गिंडीला जिओइन्फर्मॅटिक्सचे शिक्षण आहे. डेहराडूनला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग, मुंबईत आय.आय.टी.चे अभ्यासक्रम आणि पुण्यात सिंबायोसिसची संस्था आहे. 1767 मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाची स्वतःची प्रशिक्षण संस्था हैदराबादच्या उप्पल भागात आहे. आता ती नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर जिओ-इन्फर्मॅटिक्स सायन्स अँड टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाते.

कामेही विविध. राज्याच्या भूमी अभिलेख विभागातला भूकरमापक, पाटबंधारे, रेल्वे, महामार्ग, वीजवाहिन्या, शहरांचे नकाशे. खाणीत सर्व्हेअर म्हणून जबाबदारी घ्यायची, तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे परीक्षा देऊन मिळणारे प्रमाणपत्र लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भू-माहितीवरचे बरेचसे निर्बंध उठवले. 2022 मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आले. त्यामुळे खासगी क्षेत्राचे दारही आता पूर्वीपेक्षा अधिक उघडले आहे.

मुलींच्या पालकांना शिबिराची धास्ती वाटते. दिवसभर ऊन, परके गाव, मुक्कामाची सोय. ती काळजी रास्तच आहे आणि संस्थेकडे तशी चौकशी जरूर करावी. पण हे काम ताकदीचे कमी आणि नजरेचे, सबुरीचे अधिक आहे. गणिताची, विशेषतः त्रिकोणमितीची आवड, नकाशा वाचण्याची हौस आणि तेच काम दुसऱ्यांदा करायची तयारी एवढे भांडवल पुरे. मुलगा की मुलगी, हा प्रश्न दुर्बिणीला पडत नाही!

पुन्हा जोत्याकडे

तलावावरच्या त्या गटाचे पुढे काय होते? दोन शक्यता असतात. एक, रात्रीत आकडे जमवायचे. दुसरी, सकाळी लवकर उठून पुन्हा फेरीला निघायचे.

दुसरी वाट धरणाऱ्यांना बहुधा चूक सापडते. फेरीचे दोन भाग करून उलट दिशेने मोजले, की कोणत्या भागात गडबड आहे ते कळते. मग कुणाच्या तरी लक्षात येते, अरे, सांडव्याजवळ लेव्हल एका जागेवरून उचलून दुसरीकडे मांडली, तेव्हा स्टाफ ओल्या मातीवर धरला होता. दोन वाचनांच्या मधल्या वेळात तो वजनाने खाली दबला असणार. पुस्तकात एक ओळ असते, स्टाफ नेहमी कठीण आणि न हलणाऱ्या जागेवर धरावा. परीक्षेत ती ओळ सगळ्यांनी लिहिलेली असते. पण ती कळते आज!

या वेळी दगडावर स्टाफ धरून फेरी पुरी होते. चूक येते 17 मिलिमीटर. शून्य नव्हे, कारण शून्य कधी येत नसते. पण मर्यादेच्या आत. वहीत कालच्या 83 मिलिमीटरच्या पानावर आडवी रेघ असते, शेजारी कारण लिहिलेले असते, आणि ते पान फाडलेले नसते.

सर वही चाळतात. नव्या पानापेक्षा त्या रेघ मारलेल्या पानावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबते. मग ते खाली सही करतात.

तेवढ्यात शेळ्या घेऊन आजोबा परत येतात. “मग, झाली का मोजनी?” ते विचारतात.

“झाली आजोबा,” स्टाफ खांद्यावर टाकत एक मुलगी म्हणते, “काल चुकली होती, आज बरोबर आली.”

आजोबा मान हलवतात. म्हणतात, “आमच्या बांधाच्या टायमाला तुमच्यावानी दुसऱ्यांदा यायला पायजे हुतं कुनीतरी.” आणि शेळ्यांना हाकारत ते भरावावरून खाली उतरतात.